गाडी विकली, पण नाव निघाले का?



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या लोकांत गाड्यांची देवघेव सुरू होते. कुणाचे प्रोजेक्ट संपून बिऱ्हाड पुण्याला परत निघते, कुणाच्या घरी आजी-आजोबा येणार म्हणून सात सीटांची गाडी हवी असते, कुणाची मुलगी नुकतीच पी प्लेटवर आलेली असते. सौदा बहुधा ओळखीतच होतो. कार्यक्रमाच्या मध्यंतरात चहा पिता पिता किंमत ठरते, रविवारी पैसे आणि चावी यांची अदलाबदल होते, आणि वर चिवड्याचा डबाही मिळतो. "घरचीच माणसं आहेत, कागद कशाला?" असे दोन्हीकडून म्हटले जाते. हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे.

इथे गाडीची मालकी ही एक गोष्ट आणि रजिस्टरवरचे नाव ही दुसरी. रजिस्ट्रेशनचा कागद मालकीचा पुरावा मानला जात नाही. तुम्ही पैसे घेऊन गाडी दिलीत की मालकी गेली, हे खरे. पण स्पीड कॅमेऱ्याला मालक दिसत नाही, नंबर प्लेट दिसते. कौन्सिलच्या पार्किंगवाल्यालाही तेच, टोलवाल्यांनाही तेच. दंडाचे पाकीट रजिस्टरवरच्या नावाने आणि तिथल्या पत्त्यावर येणार. खरेदीदाराने कुणाच्या गाडीला धडक दिली तर समोरच्या इन्शुरन्स कंपनीचे पहिले पत्रही तुमच्याच दारात येऊ शकते. आणि तुम्ही तोवर कोथरूडला पोचलेले असाल तर ती पाकिटे कोण उघडणार?

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात नाव बदलून घ्यायला खरेदीदाराला १४ दिवस असतात. तो ते करील या भरवशावर राहू नये. विकणाऱ्याला स्वतः करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे 'नोटिस ऑफ डिस्पोजल', म्हणजे "गाडी मी अमुक तारखेला अमक्याला विकली" ही सूचना. न्यू साउथ वेल्समध्ये ती सर्व्हिस एनएसडब्ल्यूकडे आणि व्हिक्टोरियात व्हिकरोड्सकडे ऑनलाइन देता येते, पैसे पडत नाहीत. खरेदीदाराची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हे काम उरकता येते. इतर राज्यांत मुदती आणि फॉर्म वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचे नियम आधी पाहून घ्यावेत.

त्यासाठी खरेदीदाराचे लायसन बघावे लागते, आणि इथेच आपल्याला संकोच वाटतो. जोशीकाकांच्या जावयाकडे लायसन कसे मागायचे? मागावे. टेस्ट ड्राइव्हच्या आधीच मागावे म्हणजे नंतर अवघड वाटत नाही. एका कागदावर नाव, पत्ता, लायसन नंबर, गाडीचा नंबर, व्हीआयएन, ओडोमीटरवरचे किलोमीटर, किंमत आणि तारीख लिहावी, दोघांनी सही करावी आणि एकेक प्रत ठेवावी. वेळसुद्धा लिहावी. दुपारी तीनला चावी दिली आणि साडेचारला कॅमेऱ्याने फोटो काढला, तर तो दीड तास तुम्हाला वाचवतो.

दंड आलाच, तर गाडी विकली होती असे कळवून नव्या मालकाचे नाव देता येते. काही वेळा त्यासाठी स्टॅट्युटरी डिक्लरेशन करावे लागते. त्यात जे लिहाल ते तंतोतंत खरे असावे. फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांना २००६ साली सिडनीत वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल ७७ डॉलरचा दंड झाला. गाडी दुसरीच व्यक्ती चालवत होती असे त्यांनी सांगितले. ती व्यक्ती २००३ सालीच वारली होती! २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

पावतीवर "जशी आहे तशी विकली" असे जरूर लिहावे. खाजगी विक्रीत डीलरसारखी वॉरंटी द्यावी लागत नाही. पण हे शब्द म्हणजे कवचकुंडले नव्हेत. "ॲक्सिडेंट झालाय का?" या प्रश्नाला खोटे उत्तर दिले तर ते अंगाशी येऊ शकते. गाडीवर कर्ज असेल तर तेही या शब्दांनी झाकले जात नाही. कर्ज फेडल्यावरसुद्धा सरकारी पीपीएसआर रजिस्टरवर (हे जानेवारी २०१२ पासून देशभर एकच आहे) नोंद राहिली नाही ना, हे दोन डॉलर खर्चून बघावे. चतुर खरेदीदार ते बघणारच.

व्हिक्टोरियात रजिस्टर असलेली गाडी नावावर करून द्यायची तर रोडवर्दी सर्टिफिकेट लागते आणि ते तीस दिवसांच्या आतले हवे. परतीचे तिकीट काढलेल्यांनी हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. मेकॅनिकने ब्रेक आणि टायर बदलायला सांगितले की धावपळ होते आणि मग गाडी पडत्या भावात जाते. क्वीन्सलंडात तर सेफ्टी सर्टिफिकेट गाडी विकायला काढतानाच लागते.

आणखी एक नेहमीची गळ म्हणजे, "फॉर्मवर किंमत जरा कमी लिहू या का?" न्यू साउथ वेल्समध्ये साध्या गाडीवर शंभराला तीन डॉलर ड्युटी असते, म्हणजे आठ हजारांच्या गाडीला २४० डॉलर. ते वाचणार त्याचे, आणि खोट्या किमतीखाली सही तुमची! सरळ नाही म्हणावे.

पैसे आपल्या खात्यात दिसल्याशिवाय चावी देऊ नये. फोनवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आणि बँक चेकही खोटे निघतात. चावी दिल्यावर ई-टॅग काढून टोलच्या खात्यातून तो नंबर वगळावा. ग्रीन स्लिप गाडीबरोबर जाते, पण कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्स जात नाही. विक्री पुरी झाल्यावर कंपनीला फोन करावा, उरलेल्या प्रीमियमचे पैसे बहुधा परत मिळतात.

जाता जाता मायदेशातल्या गाडीविषयी. इकडे येताना ठाण्याची स्कूटर किंवा नाशिकची मारुती कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या करून दिलेली मंडळी आपल्यात कमी नसावीत. तिथेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात असेल तर, १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. २००७ साली विकलेली एक गाडी हातोहात फिरत गेली, पण रजिस्टरवर नाव पहिल्या मालकाचेच राहिले. २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला, आणि गाडीचा विमा नव्हता. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने (निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला) भरपाईची जबाबदारी रजिस्टरवरच्या त्या पहिल्या मालकावरच ठेवली. तेव्हा पुढच्या भारतवारीत बँक आणि डेंटिस्ट यांच्याबरोबर आरटीओलाही एक चक्कर मारा, आणि जुने आरसी बुक सापडले तर बरोबर न्या.