मागील स्पॉयलरच्या गंजलेल्या जोडणीची दुरुस्ती

मागील स्पॉयलर हा मोटारगाडीच्या डिकीच्या झाकणावर किंवा छताच्या मागील कडेवर बसवलेला, हवेचा प्रवाह वळवणारा भाग होय. तो प्रायः प्लास्टिकचा किंवा फायबरचा असल्याने स्वतः गंजत नाही; गंजतात ते त्याला धरून ठेवणारे पोलादी बोल्ट, नट, वॉशर आणि पट्ट्या. या जोडणीच्या दुरुस्तीत केवळ जुना बोल्ट बदलणे पुरेसे नसते. बोल्ट गंजण्याचे कारण बहुधा त्याच्या छिद्रातून शिरणारे पाणी असते, आणि तेच पाणी डिकीचा पत्रा आतून खात असते. म्हणून पाण्याची वाट बंद करणे हा या दुरुस्तीचा मुख्य हेतू असतो. महाड, पोलादपूर आणि शिवथर परिसरासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात या कामाला विशेष महत्त्व आहे.

रचना

स्पॉयलरच्या तळाशी धातूचे स्टड किंवा आटे पाडलेल्या धातूच्या पुंगळ्या बसवलेल्या असतात. पत्र्याला पाडलेल्या छिद्रांतून हे स्टड आत जातात व डिकीच्या आतील बाजूने नट आवळले जातात. काही स्पॉयलरना याशिवाय दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचाही आधार असतो. प्रत्येक छिद्राभोवती रबराची किंवा फोमची चकती असते. पाणी अडवण्याचे काम तिचे असते. अनेक गाड्यांत ब्रेकचा तिसरा दिवा स्पॉयलरमध्येच असतो व त्याची तारही याच भागातून जाते.

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की स्पॉयलरवरील ओढ चौपट होते. गावातल्या रस्त्यावर किंचित हलणारा स्पॉयलर महामार्गावर सुटून मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर आदळू शकतो. त्यामुळे ही जोडणी केवळ शोभेची बाब ठरत नाही.

गंजण्याची कारणे

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आल्यावर जलयुक्त लोह ऑक्साईड, म्हणजेच गंज तयार होतो. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आट्यांत दाटून बसतो, नट जखडतो आणि पत्र्यावरील रंगाला फुगवटे आणतो.

बोल्टांवर जस्ताचा मुलामा दिलेला असतो. जस्ताचा प्रमाण विद्युतविभव उणे ०.७६ व्होल्ट, तर लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट असल्याने जस्त आधी झिजते व लोखंड वाचते. मुलामा संपला की हे संरक्षण संपते. छिद्र पाडताना कडेचा रंग निघाला असेल, तर तेथील पत्राही उघडा पडतो. स्पॉयलर व पत्रा यांच्यामधील अरुंद फटीत पाणी साचून राहते. बाहेरच्या भागाला मुबलक व फटीला कमी प्राणवायू मिळाल्याने दोहोंत विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि फटीच्या आतला धातू वेगाने झिजतो. त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारी जोडणी आतून पोखरलेली असू शकते.

शिवथर परिसरातील परिस्थिती

शिवथरचे खोरे सह्याद्रीच्या पायथ्याशी, महाड-भोर मार्गावरील वरंध घाटाच्या परिसरात आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हा भाग समुद्रकिनाऱ्यापासून आत असल्याने येथे खाऱ्या वाऱ्यापेक्षा सततचा ओलावा हे गंजण्याचे प्रमुख कारण ठरते. धातू किती भिजतो यापेक्षा तो किती काळ ओला राहतो यावर गंजण्याचा वेग अधिक अवलंबून असतो. घाटाखालच्या दमट हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या फटी पावसाळाभर वाळत नाहीत.

पुराचा प्रश्न वेगळा आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले. पुरात बुडालेल्या गाडीच्या पोकळ्यांत गाळ शिरतो. बाहेरून धुतल्यावरही हा गाळ आत ओल धरून ठेवतो. अशा गाडीची डिकी आतून धुऊन, पाणी निथळण्याची छिद्रे मोकळी करून पूर्ण वाळवल्याखेरीज नवी जोडणी फार काळ टिकत नाही.

लक्षणे

स्पॉयलर हाताने हलवल्यास खडखडणे, त्याच्या मुळाशी तांबूस ओघळ दिसणे, रंगाला फोड येणे, डिकीतील अस्तर किंवा स्टेपनीचा खड्डा ओला असणे आणि ब्रेकचा तिसरा दिवा अधूनमधून बंद पडणे ही प्रमुख लक्षणे होत.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम बॅटरीची जोडणी सोडवून डिकीचे आतील अस्तर काढतात व दिव्याची तार वेगळी करतात. जखडलेल्या नटांवर गंज सैल करणारे तेल सोडून काही तास थांबतात. नट एकदम न फिरवता थोडा सैल, थोडा घट्ट असा पुढेमागे फिरवल्यास आट्यांतील गंज मोकळा होतो. जोर लावल्यास स्टड तुटतो किंवा प्लास्टिकमधली पुंगळीच फिरू लागते. रंग, प्लास्टिक व रबर जवळ असल्याने येथे ज्योतीची उष्णता वापरणे धोक्याचे असते. टेप असल्यास नायलॉनची तंगूस पुढेमागे ओढून ती कापतात.

स्पॉयलर निघाल्यावर छिद्राभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढतात. खोल खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावण लावल्यास त्याचे स्थिर लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. त्यानंतर प्रायमर व रंग देऊन छिद्राची आतली कडही झाकतात. टोचल्यावर पत्रा आरपार जात असेल, तर तेथे पुट्टी भरणे हा उपाय नव्हे. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो, कारण पुट्टी बोल्टाचा ताण सहन करू शकत नाही.

नवे बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घेतात. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट स्वतः टिकाऊ असला, तरी ओलाव्यात साध्या पोलादाच्या उघड्या पत्र्याला लागून राहिल्यास त्या पत्र्याची झीज वाढवतो. म्हणून त्यासोबत नायलॉनचा वॉशर व अखंड रंग आवश्यक असतो. प्रत्येक छिद्राला नवी रबरी चकती व सीलंट लावून नट निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच आवळतात. अति आवळल्यास चकती चेपून फाटते, प्लास्टिकला तडा जातो आणि पाण्याला पुन्हा वाट मिळते.

सीलंट सुकल्यावर स्पॉयलरवर दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडून डिकीच्या आतून प्रत्येक नट कोरडा आहे का, हे तपासतात. अस्तर या तपासणीनंतरच बसवतात. शेवटी ब्रेकचा दिवा लागतो का, हेही पाहतात.

प्रतिबंध

मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी नटांची घट्टता व चकत्या तपासणे आणि पावसाळा संपल्यावर अस्तर काढून आतला भाग वाळवणे, ही दोन कामे बहुतेक गंज टाळतात. डिकीच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारल्यास पत्र्याला अधिक संरक्षण मिळते. मात्र निचऱ्याची छिद्रे मेणाने बुजणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

हे सुद्धा पहा

गंज
जस्तलेपन
सावित्री नदी
शिवथरघळ