आगीवर जगलेली झाडे आगीतच का मेली?

जंगलाला आग लागली की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘विझवा!’ हाच. पण आगीवाचून ज्याचा वंश पुढे सरकत नाही, असेही एक झाड आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढणारा जायंट सिकोया. त्यांतला ‘जनरल शर्मन’ नावाचा वृक्ष सुमारे 84 मीटर उंच आहे आणि त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक मानले जाते.

सिकोयाची साल दोन फुटांपर्यंत जाड असते. जमिनीलगत सरकणारी लहान आग तिला भेदू शकत नाही. त्या आगीची धग मात्र वरच्या फांद्यांपर्यंत पोचते. तिथे वर्षानुवर्षे मिटून राहिलेली शंकूसारखी फळे सुकून उघडतात आणि बिया खाली पडतात. बी इतके हलके, की एका किलोत सुमारे दोन लाख बसावेत. पाचोळ्याच्या जाड थरावर पडले तर ते वाळून जाते. पाचोळा जळून उघडी झालेली माती आणि भरपूर ऊन मिळाले, तरच रोप तगते.

जुन्या बुंध्यांतील वर्तुळांवर आगीचे डाग राहतात. त्यांवरून शास्त्रज्ञांनी तीन हजार वर्षांचा हिशेब मांडला. इ.स. 800 ते 1300 या उष्ण, कोरड्या काळात वणवे सर्वांत जास्त वेळा लागले. तरीही हे वृक्ष टिकले, कारण पाचोळा वरचेवर जळून जाई आणि मोठ्या आगीपुरते सरपण साचतच नसे. यांतल्या काही आगी विजेमुळे लागत, काही तिथले आदिवासी जाणूनबुजून लावत.

विसाव्या शतकात सरकारने प्रत्येक वणवा विझवण्याचे धोरण धरले. हेतू चांगलाच होता. पण पाचोळा साचत गेला, सावलीत फरची झाडे दाटली आणि सिकोयाची नवी रोपे दिसेनाशी झाली. चूक कळल्यावर 1968 पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत नियंत्रित आगी लावणे सुरू झाले. पण साचलेल्या सरपणापुढे ते फारच कमी पडले.

त्यात हवामान तापले. 2012 ते 2016 मधल्या भीषण दुष्काळाने असंख्य झाडे वाळली. मग 2020 आणि 2021 चे वणवे थेट शेंड्यापर्यंत चढले. अंदाजानुसार जगातील मोठ्या सिकोयांपैकी 13 ते 19 टक्के या दोन वर्षांत गेले. कित्येक ठिकाणी फळे आणि बियाही जळाल्या. जनरल शर्मन वाचला. त्याच्या बुंध्याला अग्निरोधक पत्रा गुंडाळला होता, आणि त्या भागात आधी वेळोवेळी नियंत्रित आगी लावून सरपणही कमी केलेले होते.

यावरून आपल्याकडच्या जंगलात काडी टाकायला हरकत नाही, असे मात्र कुणी समजू नये. विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. ती आग रानात पसरली की उगवती रोपटी मरतात. आणि दरवर्षी तेच घडले, तर जुन्या झाडांची जागा घ्यायला तरुण झाडे उरणार नाहीत. प्रत्येक जंगलाचा आगीशी असलेला हिशेब वेगळा असतो. तो आधी समजून घ्यावा लागतो, मग आग लावायची की विझवायची ते ठरते.