तरुणांमधील विषमता आणि आर्थिक विकास : काही समज आणि वस्तुस्थिती

भारत हा तरुणांचा देश आहे आणि त्या बळावर तो लवकरच समृद्ध होईल, असे इतक्या वेळा सांगितले जाते की त्यामागची अट सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मुले आणि वृद्ध यांच्या तुलनेत कमावत्या वयाच्या लोकांचे प्रमाण वाढले, की बचत आणि उत्पादन वाढण्याची जी संधी निर्माण होते, तिला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. परंतु त्या वयातील माणसाला आरोग्य, शिक्षण आणि अंगच्या गुणांना वाव देणारे काम मिळाले, तरच हा लाभांश पदरात पडतो. शिवाय ही संधी मुदतीची आहे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या अहवालानुसार 15 ते 29 या वयोगटाचा लोकसंख्येतील वाटा 2021 मध्ये 27.2 टक्के होता आणि 2036 पर्यंत तो 22.7 टक्क्यांवर येईल, असा अंदाज आहे.

आधी विकास होऊ द्यावा, विषमता मागाहून आपोआप कमी होईल, हा समज अभ्यासकांमध्येही दीर्घकाळ टिकला. सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाने 1955 मध्ये असे अनुमान मांडले होते खरे, पण त्यात प्रत्यक्ष माहिती जेमतेम पाच टक्के असून उरलेला भाग तर्काचा आहे, हे त्याने स्वतःच नमूद केले होते. तरुणांच्या बाबतीत तर हे 'मागाहून' कधी येतच नाही, कारण शरीराची वाढ आणि शिक्षण यांची वये एकदा उलटली की ती पुन्हा मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, आढळली. हीच मुले 2030 च्या दशकात कामाच्या शोधात बाहेर पडतील.

गरिबाघरची मुले शिक्षणाला महत्त्व देत नाहीत आणि मुलींची लग्ने केवळ रूढीपोटी लवकर होतात, हा समज सर्वांत अन्यायकारक म्हटला पाहिजे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या व्यवसायात नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादम त्या जोडीला हंगामापूर्वी 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. एकट्या माणसाचा अर्धा कोयता आणि त्यामुळे उचलही कमी. अशा व्यवस्थेत मुलाचे लग्न झाले की घरात एक पूर्ण कोयता वाढतो, तर वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावी एकटी ठेवण्याची धास्ती आईवडिलांना असते, आणि या दोन्ही कारणांनी लग्न उरकले जाते. वरील पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के, तर बीडमध्ये 43.7 टक्के होते. जवळच्याच लातूरमध्ये अठराच्या आसपासची मुले महागड्या शिकवण्यांच्या आधारे वैद्यकीय प्रवेशाची तयारी करीत असतात. या दोन गटांतील अंतर बुद्धीचे आहे असे मानायला कोणताही आधार नाही. ते घरच्या ऐपतीचे आहे, आणि ऊसतोडीला गेलेली मुलगी कदाचित उत्तम डॉक्टर झाली असती; तसे असेल तर तो तोटा तिच्या एकटीचा राहत नाही.

बेरोजगारी अशिक्षितांमध्ये सर्वाधिक असते, हाही असाच समज. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी 29.1 टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती अवघी 3.4 टक्के होती. यावरून शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. बेरोजगार म्हणून त्यालाच मोजले जाते, जो काम शोधत असूनही बिनकामाचा आहे, आणि गरिबाला असे थांबणे परवडत नसल्याने तो मिळेल त्या मजुरीवर जातो. म्हणून तरुणांची स्थिती जोखताना शिक्षण, रोजगार आणि प्रशिक्षण यांपैकी कशातही नसलेल्यांचे प्रमाणही पाहावे लागते. 2022 मध्ये ते तरुणींमध्ये सुमारे 48 टक्के आणि तरुणांमध्ये सुमारे 10 टक्के होते. अर्थात या तरुणी रिकाम्या बसलेल्या नाहीत. पाणी, स्वयंपाक, लहान भावंडे आणि घरातील आजारी माणसे यांची कामे त्यांच्याकडेच असतात, फक्त त्या कामाची गणना रोजगारात होत नाही.

वंचित तरुणांवरील खर्च म्हणजे विकासाच्या पैशातून केलेला दानधर्म, ही समजूतही आकडेवारीपुढे टिकत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2015 च्या अभ्यासात असे दिसले की, तळच्या 20 टक्के लोकांचा उत्पन्नातील वाटा एका टक्केबिंदूने वाढल्यास पुढील पाच वर्षांत विकासदर 0.38 टक्केबिंदूंनी अधिक राहतो, तर वरच्या 20 टक्के लोकांचा वाटा तितकाच वाढल्यास तो 0.08 टक्केबिंदूंनी घटतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवून जेवण देणाऱ्या हंगामी वसतिगृहांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे, आणि ती हंगाम निम्मा सरल्यावर सुरू न होता मुले गाव सोडण्यापूर्वी सुरू झाली पाहिजेत.