एक आकडा, दोन वाचने



गावच्या दूध-शीतकरण केंद्रात टाकीजवळच्या पेटीवर तांबडे आकडे चमकताना तुम्ही पाहिलेच असतील. दूध ४ अंशांपर्यंत उतरले की आपला जीव भांड्यात पडतो. पण तो आकडा पेटीवर येतो कसा?

मोठ्या कारखान्यांतून आणि डेअऱ्यांतून मोजणारी कांडी, थंडावा देणारे यंत्र आणि कचेरीतला पडदा एका तारेने जोडलेले असतात. याला म्हणायचे नियंत्रण-जाळे. अमेरिकेत १९९० च्या सुमारास निघालेले लॉनवर्क्स हे त्यांतलेच एक. गंमत अशी, की त्याच्या तारेवरून अंशही जात नाहीत आणि दशांशचिन्हही नाही. बहुतेक वेळा जाते ती नुसती पूर्ण संख्या. उष्णतामानाच्या एका ठरीव प्रकारात अंशाचे शंभर भाग धरतात, म्हणून ४ अंशांसाठी ४०० जातात. दुसऱ्या प्रकारात दहाच भाग, आणि मोजणी उणे २७४ पासून. तिथे त्याच ४ अंशांचे २७८० होतात! कोणती संख्या कशी वाचून दाखवायची, हे पडद्याला आधी सांगून ठेवावे लागते. या सांगण्याला 'फॉरमॅट' म्हणतात. आपण मांडणी म्हणू.

मांडणी चुकली तर? शंभर भागांच्या प्रकारातला उणे १ अंश, चिन्हाकडे न पाहता वाचला, तर ६५४३६ दिसतो. असल्या आकड्याला कुणी फसत नाही, लगेच मिस्त्रीला बोलावणे जाते. भीती असते ती खऱ्यासारख्या दिसणाऱ्या आकड्याची.

समजा, पडद्याची मांडणी फॅरनहाइटची राहून गेली. दूध ४ अंश सेल्सिअसवर असताना तो ३९.२ दाखवील. इथवर नुकसान नाही. तारेवरचे ४०० जसेच्या तसे आहेत. पण रात्रपाळीच्या माणसाने 'किती थंड हवे' या रकान्यात ४ लिहिले, की यंत्र ते ४ फॅरनहाइट समजते, म्हणजे सेल्सिअसचे जवळजवळ उणे साडेपंधरा! आता मात्र तारेवरचीच संख्या बदलली. यंत्र इमानाने हुकूम पाळते आणि टाकीच्या कडेने दूध गोठू लागते.

दोन उष्णतामानांतल्या फरकाला तर मांडणी वेगळीच लागते. २ अंश सेल्सिअसचा फरक फॅरनहाइटमध्ये ३.६ भरतो, नेहमीच्या मांडणीने पाहाल तर वर ३२ मिळवून ३५.६ दिसेल. गुरुजींनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घालावे.

कांडी बाहेर काढता येत असेल, तर ठेचलेला बर्फ थोड्या पाण्यात कालवून त्यात ती धरून पाहा. पडद्यावर शून्याच्या आसपास आकडा आला तर मांडणी सेल्सिअसची. ३२ आला, तर रकान्यात काही लिहू नका, आधी मांडणी बदलून घ्या.