साखळी विक्रीत आपले गिऱ्हाईक कोण?

दुपारी बाजार थंड असतो तेव्हा दुकानात हटकून कोणीतरी ओळखीचा तरुण येऊन बसतो. पाणी पितो, घरच्यांची विचारपूस करतो आणि मग बॅगेतून रंगीत पत्रक काढून म्हणतो, "चाचा, दुकान सांभाळून महिन्याला चार पैसे जास्त मिळाले तर नको आहेत का?" याला कोणी नेटवर्क मार्केटिंग म्हणतात, कोणी डायरेक्ट सेलिंग. आमच्या महाडच्या बाजारात सरळ 'साखळी' म्हणतात.

हा धंदा आपल्या देशात नवा राहिलेला नाही. ओरिफ्लेम १९९५ मध्ये आली, टपरवेअर आणि मोदीकेअर १९९६ मध्ये, अॅम्वेचा व्यवहार १९९८ मध्ये सुरू झाला. धंदा वाईट की चांगला, या वादात मी आधी पडत नाही. व्यापारी माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, की माल घेणार कोण? या तरुणांपैकी बहुतेकांकडे याचे उत्तर नसते. त्यांना शिकवलेले असते ते एवढेच, की ओळखीच्या शंभर माणसांची यादी करा.

अशी यादी मीही केली होती. २००३ साल असेल. एका कंपनीचा माल घेतला, कंपनीचे नाव काढण्यात अर्थ नाही. यादीतली पहिली तीस नावे नात्यातली, पुढची जमातीतली, त्यानंतर दुकानाच्या उधारीच्या वहीतली. मामूच्या मुलाने भिडेखातर पावडरीचे दोन डबे घेतले. ते त्याने उघडलेही नसतील. पुढच्या ईदला त्याच्या घरचे कपडे माझ्याकडून गेले नाहीत. पैशाची अडचण नव्हती. दुकानात आलो तर पुन्हा डबा गळ्यात पडेल, ही धास्ती होती. दोन डब्यांच्या नफ्यापायी वर्षानुवर्षांचे कापडाचे गिऱ्हाईक मी हातचे घालवले. उरलेले सात डबे मुदत संपेपर्यंत माळ्यावर पडून होते.

तेव्हा समजले, की ओळखीचा माणूस वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळे. ज्याला त्या वस्तूची गरज आहे, ती किंमत ज्याला परवडते आणि वस्तू संपल्यावर जो आपणहून पुन्हा मागतो, तो गिऱ्हाईक. भिडेने घेणारा एकदाच घेतो.

आता हिशेब पाहा. पत्रकात लिहिलेले असते, की तुम्ही सहा माणसे आणा, ती प्रत्येकी सहा आणतील. पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्या पायरीवर ३६, मग २१६, १,२९६, ७,७७६ आणि सहाव्या पायरीवर ४६,६५६. २०११ च्या जनगणनेत सगळ्या पोलादपूर तालुक्याची वस्ती सुमारे ४५ हजार होती, पाळण्यातली मुले धरून. सातव्या पायरीला २,७९,९३६ माणसे लागतात. महाड तालुक्याची सुमारे १ लाख ८० हजार वस्ती जोडली तरी ती भरत नाहीत. म्हणजे माणसे जोडण्यावर जी कमाई दाखवतात, ती वरच्या दोन-चार पायऱ्यांची. खालच्या पायरीवर जो उभा राहतो त्याला गिऱ्हाईकच उरत नाही, आणि आपण ज्या पुतण्याला जोडतो तो नेमका त्याच पायरीवर असतो.

कायदाही हाच फरक पाहतो. १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायद्यात पैसे फिरवण्याची योजना चालवणारा तर गुन्हेगार आहेच, पण तिच्यात सभासद होणाराही सुटत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. २०१६ साली केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले, की प्रवेश फी घ्यायची नाही आणि नुसता माणूस जोडल्याबद्दल मोबदला द्यायचा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियमच आले आणि पिरॅमिड योजनांना मनाई झाली. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या घरी जायचे नाही, हेही त्यात आहे. आपल्याकडे पुरुष माणसे मुंबईला किंवा आखातात आणि घरी बायामुले असतात, तिथे हा नियम नसता तरी पाळला पाहिजे होता.

मग माल खरा असेल, कंपनी नीट असेल, तर गिऱ्हाईक शोधायचे कसे? कापडाच्या धंद्यात आम्ही जसे शोधतो तसेच. थान घेण्याआधी आम्ही विचार करतो, की हे कोण नेसेल, कधी घेईल, पैसे कुठून देईल. इथेही आधी वस्तू समोर ठेवा आणि तिच्या बाजूने माणसाकडे जा. टपरवेअरचे उदाहरण घ्या. त्यांनी डबे बाईच्या घरी, शेजारणींसमोर उघडून झाकून दाखवले. रोज डबा भरणारी बाई हे त्यांचे गिऱ्हाईक, आणि डबा हातात घेतल्याशिवाय ती जास्त किंमत देणार नाही, हे त्यांना कळले होते.

महाडला एम.आय.डी.सी.तल्या रसायनांच्या कारखान्यांत कामगार आहेत. त्यांच्या घरी कपडे धुण्याचा साबण भरपूर लागतो आणि पगाराची तारीख ठरलेली असते. कपड्याचा साबण विकायचा असेल तर बिरवाडीकडची अशी वीस घरे नात्यातल्या शंभर नावांपेक्षा बरी. शाळेतले शिक्षक, एस.टी.चे कर्मचारी यांचेही तसेच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा, वीस तारखेला जाऊन उपयोग नाही. आखातातून पैसे येणाऱ्या घरांत अत्तर, साबण, क्रीम यांची पारख असते, पण तिथे तुमच्या मालाची तुलना थेट दुबईच्या मालाशी होते, हे धरून चाला.

पोलादपूरचे गणित निराळे. डोंगरातल्या वाड्यांत वस्ती विखुरलेली, तरुण मंडळी मुंबईला. एका साबणासाठी एस.टी.चे भाडे खर्चून वर चढलात तर नफा रस्त्यातच संपला. तिथे मे महिना आणि गणपती-शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हाच फेरी करावी. महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या पोलादपूरला थांबतात म्हणून काही जणांना तिथे गिऱ्हाईक दिसते. पण वाटसरू पुन्हा येत नाही आणि साखळीचा माल पुन्हा घेणाऱ्यावरच चालतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांत विचारली जातेच. ताकदीच्या गोळ्या विकणाऱ्यांनी कॅप्सूलचे वेष्टण कशाचे आहे ते आधी पाहावे. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. कोणत्या जनावराचे, हे विक्रेत्याला सांगता आले नाही तर सौदा तिथेच मोडतो, आणि मोडायलाच हवा. वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण असलेला माल दाखवणे सोपे जाते.

शिंपी, बेकरीवाले, हातावर पोट असलेले कारागीर यांना माझे सांगणे, की सुरुवातीला दहाच घरे धरा, माणूस एकही जोडू नका. तीन महिने फक्त माल विका. बाजूच्या किराणा दुकानातल्या तशाच वस्तूचा भाव आणि वजन वहीत शेजारी लिहा. तीन महिन्यांनी दहापैकी किती घरांनी न सांगता पुन्हा मागणी केली ते मोजा. दोन किंवा तीन असतील तर तो माल इथे चालणारा नाही. सहा-सात असतील तर पुढे जायला हरकत नाही, आणि तेव्हाही दुकानाचा गल्ला आणि या मालाचा पैसा वेगळा ठेवा. करार करून घ्या. सुरुवातीच्या मुदतीत दंडाशिवाय करार मोडता येतो, ती मुदत किती दिवसांची आहे आणि न खपलेला माल परत कोण घेणार, हे सहीच्या आधी वाचा. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

परवा आलेल्या तरुणाला मी एवढेच विचारले, की त्याची स्वतःची अम्मी हा साबण दुकानातून पैसे देऊन आणेल का. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "भाव बघून नाही आणणार." पत्रक त्याने बॅगेत ठेवले. चहा मात्र घेऊन गेला.