मीठ टोचा, सेकंद मोजा!

रक्त शरीरात गोल फिरतं, हे विल्यम हार्वेने १६२८मध्ये सांगितलं. पण एका फेरीला किती वेळ लागतो? हे मोजायला आणखी दोनशे वर्षं गेली, आणि पहिला मान मिळाला घोड्याला!

श्टुटगार्टचे पशुवैद्य एडुआर्ड हेरिंग यांनी १८२०च्या दशकात घोड्याच्या मानेच्या एका शिरेत पोटॅशियम फेरोसायनाइड सोडलं आणि दुसऱ्या बाजूच्या शिरेतून दर काही सेकंदांनी रक्त काढत राहिले. नमुन्यात लोहाचा क्षार टाकायचा. जो निळाशार झाला, त्यात आपला पाहुणा पोहोचला! उत्तर आलं २५ ते ३० सेकंद. (नावातल्या सायनाइडला घाबरू नका, लोहाने ते घट्ट धरून ठेवलेलं असतं.)

माणसाची पाळी आली तेव्हा डॉक्टरांना फुकटचं यंत्र सापडलं: रुग्णाची जीभ. १९३०च्या दशकातली ही युक्ती. कोपराच्या शिरेत सुई, हातात स्टॉपवॉच, आणि रुग्णाने फक्त ‘आलं!’ म्हणायचं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा क्षार टोचला, तर जीभ नि घसा एकदम गरम. सॅकरीन टोचलं तर तोंड गोड, पित्तक्षाराच्या जातीचं डेकोलिन टोचलं तर कडूजहर. तोंडात कणही न घालता! निरोगी माणसाला साधारण १० ते १६ सेकंद लागत. हृदय थकलेलं असेल तर वेळ लांबायचा, थायरॉइड उधळलेली असेल तर घटायचा. धाप दम्याची की हृदयाची, याचाही अंदाज यावरून बांधत.

रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसेल तर? १९३३मध्ये त्यावरही तोड निघाली, तीही खऱ्याखुऱ्या सोडियम सायनाइडची! अगदी चिमुकला डोस मानेतल्या धमनीपाशी पोहोचला, की रुग्ण आपोआप खोल श्वास घ्यायचा. आज कुणी असा अर्ज केला, तर एथिक्स कमिटीच खोल श्वास घेईल.

मॅग्नेशियमची ती ऊब मात्र आजही भेटते. गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांचा धोका असला, की प्रसूती वॉर्डात ‘मॅगसल्फ’ देतात, आणि बाई म्हणते, ‘सिस्टर, अंगातून वाफा निघताहेत!’

शिरेत काही सोडून ते कधी पोहोचतं हे बघायची युक्तीही टिकून आहे, आणि त्यासाठी साधं सलाइनही कामाला येतं. ते बुडबुडे येईपर्यंत घुसळून शिरेत सोडतात आणि इकोच्या पडद्यावर बघतात. बुडबुडे एरवी फुप्फुसातच अडकतात. दोन-तीन ठोक्यांत हृदयाच्या डाव्या बाजूला दिसले, तर मधल्या पडद्याला जन्मापासूनचं छिद्र आहे. सुमारे चौघांतल्या एका प्रौढाला ते असतं, आणि बहुतेकांना पत्ताही नसतो.