क्वार्टरचा हिशेब आणि श्रावणाचा महिना

आषाढातल्या अमावास्येला, म्हणजे गटारीला, जोरात बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला हात लावायचा नाही, हा महाराष्ट्रातल्या असंख्य पिणाऱ्यांचा नेम आहे. काही जण तो गणपती विसर्जनापर्यंत ओढतात. एरवी ‘आज नको’ म्हटलं की मित्र सोडत नाहीत. ‘एक तर घे’, ‘बायकोनं दम दिलाय का’, ‘आमच्यासाठी घे’ असं सुरू होतं आणि शेवटी ग्लास हातात येतोच. श्रावणात मात्र ‘पाळतोय’ एवढं म्हणायचा अवकाश, कुणी पुढे काही विचारत नाही. ज्याला नको आहे त्याला सुखानं ‘नको’ म्हणता यावं, अशी सोय आपल्या समाजानं स्वतःहून करून ठेवली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. शरीराला या महिन्यात खरोखर काय मिळतं ते समजून घ्यायचं, तर आधी उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब मिलिलिटरमध्ये मांडावा लागेल.

कारण आपण किती पितो हे बहुतेकांना माहीतच नसतं. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर येतं, ‘कधीतरी’, ‘कंपनी असली तर’, ‘शनिवारी दोन पेग’. बारमध्ये माप असतं, छोटा पेग 30 मिलिलिटरचा आणि मोठा 60 चा. घरी मात्र ग्लासात अंदाजानं ओततात आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला झुकतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर खुणा असलेलं प्लॅस्टिकचं टोपण येतं. एकदा ते घ्या, रोजच्या ग्लासात रोजच्या हातानं पेगभर पाणी ओता आणि टोपणानं मोजून बघा. साठ समजत होतो ते ऐंशी-नव्वद निघू शकतं.

आता क्वार्टर घेऊ. 180 मिलिलिटर. भारतात बनणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडीच्या लेबलावर साधारणपणे 42.8 टक्के अल्कोहोल असा आकडा छापलेला असतो. म्हणजे एका क्वार्टरमध्ये 77 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे 61 ग्रॅम. एका ग्रॅम अल्कोहोलमधून सात कॅलरी मिळतात. पिठूळ आणि गोड पदार्थांतून चार, तेल-तुपातून नऊ. तेव्हा क्वार्टरच्या सव्वाचारशे कॅलरी झाल्या. तेल न लावलेल्या चार पोळ्यांचा हा ऐवज आहे आणि त्यात ना प्रथिनं, ना जीवनसत्त्वं. कोल्ड्रिंक मिसळलं तर त्याची साखर वेगळी धरायची.

‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा वाचावा. 650 मिलिलिटरची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात 41 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. धान्यातून आलेली पिष्टं त्यात आणखी भर घालतात. महागड्या बाटलीतलं अल्कोहोलही तेच असतं; यकृताला किंमत कळत नाही.

चकण्याकडे तर कुणी हिशेब म्हणून बघतच नाही. पन्नास ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे बोलता बोलता संपलेली छोटी बशी, पावणेतीनशे कॅलरींच्या पुढे जातात. फरसाण, चकली, तळलेलं चिकन यांची तीच गत. दारूनं पोट भरल्याची जाणीव बोथट होते, म्हणून रात्री बाराला पुन्हा बिर्याणी मागवली जाते. तेलकट खाल्लं की चढत नाही, हा समज अर्धाच खरा. भरल्या पोटी अल्कोहोल हळू शोषलं जातं, म्हणून नशा सावकाश येते. पण ते शरीरात पोचतं सगळंच. उलट ‘चढली नाही’ म्हणून आणखी एक भरला जातो.

वजनाचं खरं कारण मात्र कॅलरींच्या बेरजेच्या पलीकडे आहे. जेवणातली जास्तीची साखर, जास्तीची चरबी शरीर साठवून ठेवू शकतं. अल्कोहोलसाठी असं कोठार नाही. ते विषारी असल्यानं यकृत बाकीची कामं मागे सारून आधी त्याचा निकाल लावतं. पहिल्या टप्प्यात त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं, दुसऱ्यात ॲसिटेट, आणि हे ॲसिटेट शरीर इंधन म्हणून जाळतं. ते जळत असताना चरबी जळणं खूप मंदावतं, आणि चकण्यातून, बिर्याणीतून आलेलं तेल साठवणीत जातं. वर या प्रक्रियेमुळे यकृताच्या पेशींतला रासायनिक तोल असा बदलतो की तिथं नवी चरबी तयार व्हायला लागते. यकृताचा वेग तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमचा. रात्री अकराला संपवलेल्या क्वार्टरचं काम सकाळी ऑफिसला निघेपर्यंत चालू असू शकतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्यानं अंघोळ यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही. सकाळी घेतलेला उतारा तर त्याच कामात भर टाकतो.

मग एखाद्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो, ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. घरी सांगितलं की कुणीतरी म्हणतं, हे तर सगळ्यांनाच असतं. असतं बऱ्याच जणांना, हे खरं. पोटाचा घेर, मधुमेह, बसून काम यांनी फॅटी लिव्हर होतं आणि दारूनंही होतं. भारतीय पुरुषांमध्ये ही दोन्ही कारणं अनेकदा एकत्र नांदतात. 2023 मध्ये यकृततज्ज्ञांनी या आजारांची नावं नव्यानं ठरवली, तेव्हा अशा दुहेरी रुग्णांसाठी स्वतंत्र गट केला. पुरुषांच्या बाबतीत तो आठवड्याला 210 ग्रॅम अल्कोहोलपासून सुरू होतो आणि बायकांच्या बाबतीत 140 पासून. वरचा हिशेब आठवा. आठवड्याला साडेतीन क्वार्टर म्हणजे 213 ग्रॅम. शुक्रवारी एक, शनिवारी दीड, रविवारी दुपारी मटणाबरोबर एक. स्वतःला दारुडा न म्हणणारे कितीतरी संसारी, कामावर वेळेत जाणारे लोक या रेषेच्या पलीकडे आहेत.

आणि एक फरक ओळखता यायलाच हवा. शनिवार-रविवार पिणाऱ्याचं पोट चरबीनं सुटतं. जो वर्षानुवर्षं रोज पितो आणि जेवण टाळतो, त्याचे हातपाय मात्र वाळत जातात, गालफडं बसतात, आणि पोट तेवढं ढोलासारखं ताणून पुढे येतं. घरच्यांना वाटतं, अंगाला लागतंय थोडं. ते जलोदराचं पाणी असू शकतं, सिरॉसिस झालेल्या यकृतामुळे साठलेलं. डोळे पिवळे, पायांवर सूज, काळं शौच किंवा रक्ताची उलटी यांपैकी काही दिसलं तर एक दिवसही थांबू नये.

मधुमेह्यांसाठी धोका वेगळा आहे. उपाशीपोटी दारू घेतली की यकृताचं साखर तयार करण्याचं काम मंदावतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रात्रीतून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लोकांना वाटतं चढली आहे, झोपू द्या. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूनं रक्तातली पातळी जास्त चढते. कर्करोगाबद्दल तर आपण फारच कमी बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 मध्येच दारूला तंबाखूच्या पंक्तीला बसवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणी तिचा संबंध सिद्ध आहे. तंबाखू मळत दारू पिणाऱ्याच्या तोंडात हे दोन धोके नुसते मिळत नाहीत, एकमेकांना वाढवतात.

आता श्रावणाकडे येऊ. आपल्या श्रावणावर अभ्यास झालेला मला ठाऊक नाही, पण लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी महिनाभर दारू सोडणाऱ्या 94 जणांना तपासलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापले. ही माणसं मध्यम ते जास्त पिणारी होती, व्यसनी नव्हती. एका महिन्यात त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, सुमारे 26 टक्क्यांनी घटला, रक्तदाब साडेसहा टक्क्यांनी उतरला, वजन दीड टक्क्यानं. ऐंशी किलोच्या माणसाला हे सव्वा किलो होतं. फार नाही, पण आतली सुधारणा काट्यावर दिसते त्याहून मोठी होती. सुरुवातीच्या टप्प्यातलं फॅटी लिव्हरही दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत मागे फिरू लागतं. झोप सुधारल्याचं तर बहुतेक जण आपणहून सांगतात, कारण दारूनं डोळा लवकर लागला तरी उत्तररात्रीची झोप मोडते.

मात्र रोज, विशेषतः सकाळपासून पिणाऱ्यानं गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम सगळं बंद करणं जिवावर बेतू शकतं. आधी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, भ्रम सुरू होतो. घरचे याला बाहेरचं काही समजतात आणि मोलाचे तास जातात. अशा माणसाला सोडायची आहे ना, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं घेऊन सोडावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

ज्यांची गाडी तिथवर गेलेली नाही, त्यांच्यासाठी गोव्यातलं एक काम मला आशादायक वाटतं. ‘संगाथ’ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, जास्त पिणाऱ्या पुरुषांशी बोलण्यासाठी साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. किती पिता, कोणाबरोबर, कशानं इच्छा होते, मित्रांनी आग्रह केला तर काय म्हणाल, अशी बोलणी. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली आलेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी या गटातल्या 36 टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं.

श्रावण पाळणाऱ्यानं शेवटच्या आठवड्यात हीच बोलणी स्वतःशी करावीत, बैठक ठरायच्या आधी. कोणत्या दिवशी घ्यायची, किती मिलिलिटर, मापानं की हातानं, आणि ज्या दिवशी घ्यायची नाही त्या दिवशी मित्रांना काय सांगायचं. लंडनमधले लोक महिना संपल्यावर पुन्हा प्यायला लागले, पण सहा-आठ महिन्यांनी विचारलं तेव्हा ते पूर्वीपेक्षा कमी पीत होते.